एका साध्या खेळाची कैफियत

हल्ली आमच्या समाजात एक ठराव फार स्वस्त झाला आहे. वाचनालयाची वार्षिक सभा असो, पालकांचा मेळावा असो, की देवस्थानाच्या महाजनांची बैठक असो; मुले बिघडत चालली आहेत हा विषय निघाला, की कोणीतरी उठतो आणि मोबाईलवरचे व संगणकावरचे सारे खेळ एकजात वर्ज्य करावेत अशी सूचना मांडतो. दुसरा अनुमोदन देतो, माना डोलतात, टाळ्या पडतात आणि ठराव एकमताने संमत होतो. मंडळी घरी जातात, आणि मुले ठरावापूर्वी जे खेळत होती तेच ठरावानंतरही खेळत राहतात. या ठरावाला आमचा स्पष्ट विरोध आहे. तो कडक आहे म्हणून नव्हे. तो आळशी आहे म्हणून.

न्यायालयात दहा आरोपी एका पिंजऱ्यात उभे केले, तरी प्रत्येकावरचा आरोप निराळा वाचावा लागतो आणि प्रत्येकाविरुद्धचा पुरावा निराळा तपासावा लागतो. ज्यांनी आयुष्यात एकही खेळ उघडून पाहिलेला नाही, त्यांनी साऱ्या खेळांवर एकाच वाक्यात निकाल द्यावा, याला आम्ही न्याय म्हणत नाही. वकिलीच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट आम्हांस पक्की कळली आहे. सरसकट आरोपाचा लाभ नेहमी खऱ्या गुन्हेगारालाच होतो, कारण तो निरपराध्यांच्या गर्दीत सहज लपतो. म्हणून आम्ही आज या गर्दीतला एकच खेळ बाहेर काढून वाचकांपुढे उभा करणार आहोत, आणि त्याची कैफियत मांडणार आहोत. त्याचे नाव ‘मिनी मेट्रो’.

प्रथम हा खेळ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण तो न पाहता त्याच्याविषयी बोलण्याचा दोष आम्हांस पत्करायचा नाही. खेळ उघडला की पडद्यावर कोऱ्या कागदासारखी फिकट पार्श्वभूमी दिसते. तीवरून नदीचा एक पट्टा गेलेला असतो आणि आसपास तीन चिन्हे असतात: एक गोल, एक त्रिकोण व एक चौकोन. ही तीन रेल्वे स्थानके होत. खेळणाऱ्याने बोटाने एक रेघ ओढून ती जोडावयाची, की त्या रेघेवरून एक लहानशी आगगाडी धावू लागते. स्थानकाच्या शेजारी इवलीशी गोल, त्रिकोणी, चौकोनी चिन्हे उमटू लागतात, ते प्रवासी. त्रिकोणी प्रवाशाला त्रिकोणी स्थानकात उतरायचे असते, चौकोनी प्रवाशाला चौकोनी स्थानकात. गाडीत एका वेळी सहा जण मावतात. डबा जोडला तर आणखी सहा. हळूहळू नवी स्थानके उगवतात, काही नदीपलीकडे उगवतात, काहींचा आकार दुर्मिळ असतो. खेळातला एक आठवडा संपला की एक नवे इंजिन हाती येते, आणि शिवाय दोन गोष्टींपैकी एक निवडावी लागते: नवी रेघ घ्यावी की जादा डबा, नदीखालचा बोगदा घ्यावा की मोठे जंक्शन. दोन्ही मिळत नाहीत. एखाद्या साध्या स्थानकावर सहाहून अधिक प्रवासी तिष्ठत राहिले, की त्याच्याभोवती एक वर्तुळ भरू लागते. ते पुरे भरण्याआधी गर्दी हटली नाही, तर डाव संपला. किती प्रवासी मुक्कामी पोचविले तेवढेच गुण.

इतकेच. राक्षस नाही, बंदूक नाही, रक्त नाही, आरडाओरडा नाही. वाचावयाचे नियमही जवळजवळ नाहीत. आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीचे आजोबा दोघेही पाच मिनिटांत खेळू लागतील. आणि तरीही हा डावपेचांचा खेळ आहे, आणि चांगला कठीण आहे.

त्याच्या जन्माची हकीकतही सांगण्याजोगी आहे. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथील पीटर करी व रॉबर्ट करी या दोघा भावांनी तो आरंभला. २०१३ च्या एप्रिल महिन्यात ‘लुडम डेअर’ नावाची, दोन-तीन दिवसांत खेळ रचण्याची स्पर्धा झाली. तिचा त्या वेळचा विषय होता मितत्व, म्हणजे कमीत कमी साधनांत काम भागविणे. तेवढ्या अवधीत त्यांनी ‘माइंड द गॅप’ नावाचा एक कच्चा खेळ उभा केला. पुढे ‘डायनोसोर पोलो क्लब’ या विनोदी नावाने त्यांनी आपले छोटेसे काम थाटले, त्या कच्च्या खेळाला दोन वर्षांहून अधिक काळ घासूनपुसून घेतले, आणि २०१५ च्या नोव्हेंबरात तो पुऱ्या रूपात प्रसिद्ध झाला. तीन दिवसांत सुचलेल्या कल्पनेवर दोन वर्षे खर्चावी, आणि तीही बहुतांशी काय घालावे यापेक्षा काय गाळावे हे ठरविण्यात, ही वृत्ती आजच्या बाजारात दुर्मिळ आहे.

या खेळाचे बाह्यरूप लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावरून घेतलेले आहे. हा नकाशा हॅरी बेक या आरेखकाने १९३१ मध्ये काढला. तोवरचे नकाशे भूगोलाशी इमान राखणारे होते. जमिनीवर रूळ जसे वळत तसेच ते कागदावर वळत, आणि शहराच्या मध्यभागी सारा गुंता होई. भूमिगत प्रवाशाला आपण वर कोठे आहोत याची पर्वा नसते; कोणत्या स्थानकानंतर कोणते, आणि गाडी कोठे बदलावी, एवढेच त्याला हवे असते, हे बेकने ओळखले. त्याने आडव्या, उभ्या आणि पंचेचाळीस अंशांत तिरप्या अशा रेषांखेरीज बाकी सर्व पुसून टाकले. अधिकाऱ्यांनी प्रथम तो नकाशा नाकारला. १९३३ मध्ये तो लोकांच्या हाती पडला आणि लोकांनी तो उचलून धरला. पुढे जगातल्या कित्येक शहरांनी त्याचे अनुकरण केले. करी बंधूंनी त्याच नकाशाला सजीव केले. बेकच्या नकाशात रेषा तयार होत्या. येथे त्या आपण ओढायच्या. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क यांच्याबरोबर आमची मुंबईही या खेळातल्या शहरांत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इतक्या साध्या खेळाची मोहिनी कशात आहे? आमच्या मते तिची कारणे तीन आहेत, आणि तिन्ही आमच्या ठरावबहाद्दरांनी समजून घेण्याजोगी आहेत.

पहिले कारण असे, की येथे चूक दिसते. डाव बुडाला तर तो का बुडाला हे खेळणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. पाच गोल स्थानके एकाच रेघेवर ओवली, आणि तेथल्या प्रवाशांना हवा असलेला चौकोन दूर दुसऱ्या टोकाला राहिला, म्हणजे गाड्या भरून वाहणार आणि फलाट तुंबणार. रेघ वेगवेगळ्या आकारांतून फिरविली असती तर हे टळले असते. नशिबाचा भाग आहे, कारण कोठे कोणते स्थानक उगवेल हे आपल्या हाती नाही; पण जे उगवले त्याची व्यवस्था लावणे आपल्या हाती आहे. दैव किती आणि पुरुषार्थ किती, याचा हिशेब हा खेळ प्रामाणिकपणे मांडतो. शिवाय घड्याळ थांबवून विचार करण्याची मुभा आहे, आणि चुकलेली रेघ पुसून पुन्हा ओढण्याचीही. ज्यांना ही सवलत नको असेल त्यांच्यासाठी एकदा ओढलेली रेघ न बदलण्याचा निराळा प्रकारही ठेवला आहे.

दुसरे कारण टंचाई. रेघा मोजक्या, इंजिने मोजकी, बोगदे मोजके. नदीपलीकडे एकच स्थानक आहे म्हणून बोगदा खर्ची घालावा, की पुढील आठवड्यापर्यंत त्याला तिष्ठत ठेवावे? दर आठवड्याला दोहोंपैकी एक सोडावेच लागते. संसार चालविणाऱ्या कोणत्याही गृहिणीला, उत्सवाचे अंदाजपत्रक मांडणाऱ्या कोणत्याही खजिनदाराला हा पेच ओळखीचा वाटेल. मोठे खेळ हजार शस्त्रे आणि हजार पोशाख देऊन निवडीचा आभास निर्माण करतात. या खेळात निवड खरी असते, कारण तिची किंमत पडते.

तिसरे कारण म्हणजे सौंदर्य. हे सौंदर्य वरून चिकटविलेले नाही. रेषांचे रंग वेगळे आहेत ते मार्ग ओळखू यावेत म्हणून. आकार वेगळे आहेत ते गरज ओळखू यावी म्हणून. एकही रेघ निव्वळ शोभेची नाही, आणि म्हणूनच सारे शोभते. संगीताचेही तसेच. रिच व्रीलंड या संगीतकाराने, ज्याला ‘डिझास्टरपीस’ या नावाने लोक ओळखतात, त्याची योजना अशी केली, की खेळणाऱ्याने विणलेल्या जाळ्यातूनच स्वर उमटावेत. जाळे जसे दाट होते तसे संगीतही दाट होते, आणि दोघांचे जाळे सारखे नसल्यामुळे दोघांचे संगीतही सारखे नसते. २०१६ च्या ‘इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल’ या महोत्सवात ध्वनियोजनेचे पारितोषिक याच खेळाला मिळाले.

आमच्या घरांतून पहाटे ठिपक्यांची रांगोळी घातली जाते. ठिपके ठरलेले, रेघा मोजक्या, आणि त्यांतून दररोज निराळी आकृती. दुसऱ्या दिवशी ती पुसली जाते म्हणून कोणी तिला व्यर्थ म्हणत नाही. ठिपके जोडण्याचा आनंद ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला या खेळाची गोडी समजावून सांगण्याची वेळ यावी, याचेच आम्हांस नवल वाटते.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण वेळेचा अपव्यय तो अपव्ययच. या आक्षेपाला आम्ही टाळणार नाही. या खेळाने बुद्धी तीक्ष्ण होते, गणित सुधारते, परीक्षेत गुण वाढतात, असला कोणताही दावा आम्ही करीत नाही. जे असे दावे करून खेळ खपवितात त्यांच्यावर आमचा विश्वासही नाही. खेळ हा खेळ आहे. दमल्या मनाला निर्दोष विरंगुळा मिळावा एवढेच त्याचे काम. प्रश्न असा, की तो आपला वेळ मागून घेतो की लुबाडून घेतो? या खेळाचा एक डाव सामान्यतः अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. तो संपला की संपला. रात्री अकरा वाजता तो मोबाईल वाजवून मुलाला बोलावीत नाही. आज खेळला नाहीस तर उद्या बक्षीस बुडेल, अशी धमकी देत नाही. एकदा किंमत मोजली की पुढे आत कसलेही दुकान नाही, जाहिरात नाही. नवी शहरे पुढे वर्षानुवर्षे फुकट जोडली गेली.

आणि येथेच आम्हांस आमच्या विरोधकांना थांबवून विचारावयाचे आहे, की ज्या खेळांनी खरोखर मुले नासविली, त्यांची रचना तुम्ही कधी तपासली काय? ते फुकट मिळतात, आणि तेथेच फसगतीला आरंभ होतो. आत गेल्यावर खऱ्या रुपयांचे खोट्या नाण्यांत रूपांतर होते, म्हणजे किती खर्चले हे मुलाला कळूच नये. ‘शक्ती’ संपते आणि ती चार तासांनी भरेल, की आता पैसे टाकून भरायची, असे विचारले जाते. बंद पेटी विकली जाते. आत काय आहे हे विकत घेतल्यावरच दिसते. अशा बंद पेट्या काही नामांकित खेळांत म्हणजे जुगारच होय, असा निर्णय बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळाच्या विकाराला आपल्या रोगसूचीत स्थान दिले, आणि ती सूची २०२२ च्या १ जानेवारीपासून अमलात आली. आमचे विरोधक तिचा हवाला मोठ्या उत्साहाने देतात. परंतु त्या व्याख्येत खेळणारा प्रत्येक जण रोगी ठरविलेला नाही. ताबा सुटणे, इतर सर्व कामांवर खेळाने मात करणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, अशी लक्षणे तेथे सांगितली आहेत, आणि तीही सामान्यतः वर्षभर टिकलेली असावी लागतात. तेथेसुद्धा वर्तनाचा निवाडा आहे, सरसकट शिक्षा नाही.

आमच्या कायद्यानेही हा विवेक सोडलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. त्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग त्यांत कौशल्य असो वा नशीब. पण स्पर्धात्मक ई-क्रीडा आणि निव्वळ करमणुकीचे खेळ यांना त्याने निराळ्या वर्गात ठेवले. म्हणजे देशाच्या संसदेला जो भेद करता आला, तो आमच्या सभांना करता येत नाही! मात्र या कायद्याच्या भरवशावर पालकांनी निश्चिंत होऊ नये. आमच्या वाचनाप्रमाणे त्याचा गाभा धन जिंकण्याची अपेक्षा हा आहे. जेथे मुलगा काहीच जिंकत नाही, केवळ खर्चतच राहतो, तेथे हा कायदा पोचेल असे आम्हांस वाटत नाही. तेथे पालकांनाच पोचावे लागेल.

गोमंतकातील वाचकांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७६ च्या येथील जुगारप्रतिबंधक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन परवानगीच्या जुगाराला दार उघडले गेले, आणि आज मांडवीच्या पात्रात कॅसिनोंच्या बोटी रोषणाई करून उभ्या आहेत. त्यांच्याविषयी बोलताना ज्यांचा आवाज घशातच राहतो, त्यांनी मुलाच्या हातातल्या गोल-त्रिकोणांवर गर्जना करावी, हे शौर्य आम्हांस मान्य नाही.

खेळ परदेशी आहे हा आक्षेप तर फारच दुबळा. बुद्धिबळ येथून गेले, जग फिरून नव्या नियमांनिशी परत आले, आणि आज ते आपलेच म्हणून आम्ही मिरवितो. सापशिडीची कुळकथाही अशीच: येथला ज्ञानाचा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला आणि नवा वेष घालून परतला. खेळांना पारपत्र लागत नाही.

परंपरेचे म्हणाल, तर तीही सरसकट निषेधाच्या बाजूची नाही. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आमच्या पंचांगात द्यूतप्रतिपदा असे नाव आहे. शिवपार्वतींच्या सारीपाटाच्या कथा कीर्तनांतून आम्ही कौतुकाने ऐकतो. हंपीच्या मंदिरांत गेलेल्यांनी तेथल्या फरशांवर कोरलेले खेळांचे पट पाहिले असतील. दर्शनाला आलेली माणसे तेथे बसून खेळली आणि कोणी त्यांना हुसकावले नाही. मात्र हस्तिनापूरच्या सभेतील द्यूताची कथा ऐकताना अंगावर काटा येतो. फासे दोन्हीकडे आहेत. पण तेथे राज्य, भाऊ आणि पत्नी पणाला लागली, आणि खेळविणाऱ्याचा हेतू लुबाडण्याचा होता. आमच्या पूर्वजांनी फाशांवर खटला भरला नाही. पणाला काय लागले आणि कपट कोणाचे, हे त्यांनी पाहिले.

एक आक्षेप उरतो, आणि तो आम्हांस सर्वांत विचारार्ह वाटतो. या खेळात अखेर हार ठरलेली आहे. गर्दीने डाव मोडू नये असा निवांत प्रकार त्यात आहे. पण नेहमीच्या प्रकारात शहर वाढतच जाते आणि केव्हा तरी कोठले तरी स्थानक तुंबतेच. मग हरण्यासाठीच काय खेळावे? आमचे उत्तर असे, की मुलांना सतत जिंकविणाऱ्या खेळांचीच आम्हांस अधिक धास्ती वाटते. दर मिनिटाला नाण्यांचा वर्षाव करून ‘तू विजेता’ असे सांगणारा खेळ भाट आहे, आणि भाट शेवटी बिदागी मागतोच. हा खेळ खुशामत करीत नाही. डाव संपला की तुम्ही विणलेले सारे जाळे तो शांतपणे पुढे ठेवतो, आणि इतके प्रवासी तुम्ही पोचविले एवढेच सांगतो. मर्यादित साधनांनी वाढत्या गरजा जमेल तितका काळ नीट भागविणे, आणि जमेनासे झाले की कोठे चुकले ते पाहून पुन्हा बसणे, यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

तेव्हा सभांना आमची सूचना अशी. सारे खेळ वर्ज्य, असा ठराव करू नका. तो पाळला जात नाही, आणि न पाळल्या जाणाऱ्या नियमाने नियमाचीच अब्रू जाते. त्याऐवजी प्रत्येक खेळाला तीन प्रश्न विचारा. पैसे एकदा घेतो की पुन्हा पुन्हा? उठावेसे वाटले तर उठू देतो काय? हरल्यावर का हरलो हे कळते काय? हे प्रश्न विचारावयाचे म्हणजे वडीलधाऱ्यांना मुलाशेजारी बसून खेळ पाहावा लागेल, कदाचित एखादी रेघ स्वतः ओढून पाहावी लागेल. ठराव मांडण्यापेक्षा हे काम कष्टाचे आहे, हे आम्ही जाणतो. पण ज्या मुलाला आपण निर्दोष खेळ आणि लुबाडणारा खेळ यांतला फरक शिकविला नाही, त्याला तो फरक बाजार शिकवील, आणि बाजाराची शिकवणी महाग असते.